‘रिलेचं मेडल म्हणजे पाव मेडल’ असं घरी कोणी म्हणालं तर

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

“ताई, मी बारावीला आहे, कोथरूडला राहते. सातवीपासून पोहते, फ्रीस्टाइल, 50 आणि 100. इंडिव्हिज्युअलला कायम पाचवी नाहीतर सहावी. माझ्याकडे जी चार मेडल्स आहेत ती सगळी 4 बाय 100 रिलेची (चौघींनी एकीमागून एक 100 मीटर पोहायचं), आणि तिथे मला तिसऱ्या नंबरला टाकतात. 100 चं बेस्ट 1:02.80 आहे, रिलेत मात्र एकदा 1:01.50 गेलंय. मागच्या महिन्यात स्टेटला मी टेकओव्हरला (आधीची भिंतीला टेकते आणि पुढची सुटते तेव्हा) लवकर सुटले आणि टीम डीक्यू, म्हणजे बाद झाली. आम्ही दुसऱ्या आलो होतो. माझ्याआधी दुसरी लेग (दुसरा टप्पा) पोहणारी मैत्रीण तेव्हापासून धड बोलत नाही. घरी मामा म्हणाले रिलेचं मेडल म्हणजे पाव मेडल, त्यावर कसलं आलंय करिअर. बाबा म्हणतात सीईटीकडे लक्ष दे. सर काहीच बोलत नाहीत. सोडून देऊ का? नुसत्या रिलेवर करिअर होतं का? – थर्ड लेग, कोथरूड”

अगं, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी त्या दोन आकड्यांपाशीच थांबले. 1:02.80 आणि 1:01.50. तू ते सहज लिहून पुढे गेलीस पण माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, त्यामुळे मामांच्या वाक्याकडे जायच्या आधी तेच घेते.

बघ, ब्लॉकवर उभं राहून शिट्टीची, हॉर्नची वाट बघून सुटण्यात आणि येणाऱ्या पोरीकडे बघत हात फिरवून सुटण्यात साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक पडतो, हे तुला माहितीच असेल. म्हणजे तुझ्या 1.30 सेकंदाच्या फरकातले सहा-सात दशांश त्या स्टार्टचे धर. उरले सहा दशांश. ते कुठून आले? ते तुझे आहेत. टीमसाठी पाण्यात पडलीस की तू खरंच जास्त जोरात पोहतेस. हे सगळ्यांचं होत नाही हं, कितीतरी चांगल्या इंडिव्हिज्युअलवाल्या मुली रिलेत नेमक्या ढेपाळतात, तिघींचं ओझं त्यांना पेलत नाही. तुला ते ओझं मानवतं. मग मी याला पाव मेडल कसं म्हणू?

आणि मामांना एक साधी गोष्ट सांग. रिलेत जागा वशिल्याने मिळत नाही, घड्याळाने मिळते. चौघींत तू आहेस कारण पाचवीचं टायमिंग तुझ्यापेक्षा कमी पडतं, आणि ही जागा दर सीझनला परत मिळवावी लागते.

आता डीक्यूबद्दल.

2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली पुरुषांची 4 बाय 100 फ्रीस्टाइल तू पाहिली असशीलच, प्रत्येक स्विमिंगच्या क्लासमध्ये कधी ना कधी ती दाखवतातच. अमेरिकेचा जेसन लेझाक शेवटची लेग, वय 32, फ्रान्सचा अॅलन बर्नार्ड त्याच्या स्पष्ट पुढे, आणि लेझाक लेनच्या दोरीच्या बाजूला सरकून त्याच्या लाटेचा फायदा घेत घेत शेवटच्या काही मीटरमध्ये त्याला गाठतो. 46.06 ची लेग. अमेरिका 3:08.24, फ्रान्स 3:08.32, आठ शतांश, म्हणजे अंतरात मोजलं तर वीतभरही नाही. सगळे तुला लेझाककडे बघायला सांगतात. मी सांगते बर्नार्डकडे बघ. अख्ख्या देशाचं गोल्ड त्याच्या लेनमध्ये, त्याच्या हातात होतं आणि तिथे ते गेलं, तेही तो 46.73 पोहला असताना, म्हणजे वाईट पोहून हरला असंही नाही. तिसऱ्या दिवशी तोच माणूस 100 फ्रीच्या फायनलला ब्लॉकवर उभा राहिला आणि 47.21 मध्ये गोल्ड घेऊन गेला. मधले दोन दिवस त्याने कसे काढले असतील याचा मी खूप वेळा विचार केलाय. झोप लागली असेल का, जेवण गेलं असेल का.

आणि त्याच फायनलमध्ये लेझाकचं टायमिंग किती होतं माहितीये? 47.67, ब्राँझ, तेही ब्राझीलच्या सेझर सिएलोबरोबर टाय होऊन. रिलेच्या लेगपेक्षा दीड सेकंदाहून जास्त. बघ, तुझाच प्रकार झाला की नाही. आणि हा लेझाक काही पहिल्या झटक्यात हिरो झाला नव्हता, 2000 ला सिडनीत तो रिलेत होता तेव्हा अमेरिका ऑस्ट्रेलियाकडून हरली, त्याआधी ऑलिम्पिकला ही रिले अमेरिका कधी हरलीच नव्हती, आणि 2004 ला अथेन्सला तर शेवटची लेग त्याचीच होती आणि टीम तिसरी आली. आठ वर्षं त्याने ते सोबत वागवलं.

आता माझं सांगते, कारण तू विचारलंस “सोडून देऊ का” आणि ते मी पण एकदा विचारलं होतं.

मी कॉलेजमध्ये असताना युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शनआधीची एक इंटर कॉलेज मीट होती, मी चौथी लेग. तिसरी मुलगी आली, मी सुटले, पोहले, आम्ही पहिल्या आलो, आणि वर बघते तर ऑफिशियलचा हात वर. डीक्यू. त्या दिवशी मी रडले वगैरे, ते सगळं झालं, पण खरं नुकसान त्या दिवशी झालंच नाही. खरं नुकसान पुढच्या दोन सीझनमध्ये झालं. मी थांबायला लागले. येणाऱ्या मुलीचा हात भिंतीला लागलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय माझे पाय ब्लॉकवरून हलायचेच नाहीत. कोणाच्या लक्षात आलं नाही कारण उशिरा सुटण्याला डीक्यू नसतो, शिट्टी वाजत नाही, कोणी ओरडत नाही, नुसते तुझे पाच-सहा दशांश दर वेळी गुपचूप जातात. एक सीनियर ताई होत्या, त्या काठावर स्टॉपवॉच घेऊन बसायच्या, त्या एक दिवस म्हणाल्या, “तू पोहतेस तेवढीच फास्ट, पण तू आता ब्लॉकवर उभी राहून पाहुण्यांची वाट बघतेस.” तोवर टीममधली जागा गेली होती. डीक्यू एकदा झाला होता गं, भीतीने मात्र दोन वर्षं खाल्ली.

म्हणून मला तुझ्या झालेल्या चुकीची तेवढी काळजी नाही, तुझ्या पुढच्या टेकओव्हरची आहे. आणि हा नुसता धीर देऊन सुटणारा प्रश्न नाही, तो ब्लॉकवर जाऊन सोडवायचा, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

नियम तुला माहीत आहे, आधीच्या मुलीचा हात भिंतीला लागायच्या आत तुझे पाय ब्लॉकवरून सुटता कामा नयेत. जिथे इलेक्ट्रॉनिक प्लेट असतात तिथे मशीनच्या हिशेबात तीन शतांशांपर्यंतची सूट धरतात, पण तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. तुझ्या स्पीडने तीन शतांशात साधारण पाच सेंटिमीटर होतात, काडेपेटीएवढे. आणि जिथे माणूस काठावर वाकून डोळ्यांनी बघतो तिथे तर काडेपेटी सुद्धा धरू नकोस.

बहुतेक वेळा लवकर सुटणं कशामुळे होतं? तू येणाऱ्या मुलीचं डोकं बघून सुटतेस आणि ती शेवटी भिंतीपाशी ग्लाइड करते. दोरीचा रंग बदलतो ना, ती शेवटची पाच मीटर, तुमच्या स्पीडला तिथे तीन सेकंद लागतात, आणि नव्वद मीटर जीव तोडून आलेल्या पोरीचा त्या तीन सेकंदात स्ट्रोक तुटतो. कधी ती एक अर्धा हात जास्त मारते, कधी हात लांब करून नुसती सरकत येते. तुला वरून वाटतं ती आता टेकली, आणि ती अजून वीतभर मागे असते. म्हणजे टेकओव्हर हा तुझ्या एकटीचा नसतोच, दोघींचा असतो. येणारीने मान खाली ठेवून, श्वास न घेता, पूर्ण स्ट्रोकवर भिंत घ्यायची आणि तुला ते पाठ असलं पाहिजे, तिचा शेवटचा हात कसा येतो, दमल्यावर कसा येतो, पुढे असताना कसा आणि मागे असताना कसा. (हे वाचून तिच्यावर ढकलायचं नाही हं. तू सुटलीस, डीक्यू तुझा. पण दुरुस्ती दोघींची.)

तर करायचं काय, आठवड्यातून दोन दिवस, प्रॅक्टिसच्या शेवटी, दमलेल्या अवस्थेत, मुद्दाम दमल्यावरच, तिने पंधरा-वीस मीटरवरून फुल स्पीडला यायचं आणि तू सुटायचं. आठ-दहा वेळा पुरे. तळाच्या काळ्या पट्टीला शेवटी आडवी रेघ असते ना, टी सारखी, ती भिंतीपासून दोन मीटरवर असते, तिचं डोकं तिथे आलं की तुझे हात फिरायला सुरुवात, इथून सुरू करा आणि मग तुमच्या दोघींच्या हिशेबाने पुढे-मागे करा. सुरुवातीला हात फिरवायला सुद्धा भीती वाटेल, वाटू दे. आणि कोणाला तरी काठावर बसवून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला लाव, अगदी भिंतीच्या रेषेत, आडव्या बाजूने, तिचा हात आणि तुझे अंगठे दोन्ही एका फ्रेममध्ये दिसले पाहिजेत. सेकंदाला 120 फ्रेमवर ठेवलंस तर हात लागल्यापासून अंगठा सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजता येतात. अठरा ते चोवीस फ्रेम आल्या म्हणजे पंधरा ते वीस शतांश, तुझ्यासाठी तिथे आत्ता मस्त आहे. तीस-चाळीस येत असतील तर तू माझ्यासारखी थांबायला लागलीयेस. एका साध्या वहीत तारीख आणि फ्रेम लिहीत जा, तीन आठवड्यांत तुला तुझी भीती आकड्यांत कमी होताना दिसेल, आणि भीती अशी कमी होताना दिसली की किती बरं वाटतं ते मी सांगून कळणार नाही.

एक अजून, डीक्यू फक्त टेकओव्हरलाच होतो असं नाही. 2001 ला फुकुओकाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ऑस्ट्रेलियाच्या मुली 4 बाय 200 मध्ये पहिल्या आल्या आणि आनंदात बाकीच्या पाण्यात उड्या मारून मोकळ्या झाल्या, बाकीच्या टीम्स अजून पोहत होत्या, झाला डीक्यू, गोल्ड गेलं. जगातल्या सगळ्यात भारी मुलींचं होतं, तुझं झालं.

आता करिअर. इथे मी गोड बोलणार नाही.

नुसत्या रिलेवर आपल्याकडे पोट भरत नाही. खरं सांगायचं तर नुसत्या स्विमिंगवर सुद्धा फार थोड्यांचं भरतं. जो स्प्रिंटर रिलेत राहतो तो शेवटी त्याच्या 100 च्या टायमिंगमुळे राहतो, त्यामुळे तुझं करिअर जे काही असेल ते 1:02.80 वरून मिनिटाच्या आत येण्यात आहे. रिले तुला तिथपर्यंत खेचून नेऊ शकते पण तिथे जायचं तुलाच आहे. आणि वय गेलंय असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. अमेरिकेच्या डारा टॉरेसने 1984 ला सतराव्या वर्षी 4 बाय 100 चं गोल्ड घेतलं आणि 2008 ला 41 व्या वर्षी त्याच रिलेत सिल्व्हर, शिवाय 50 ला सुद्धा सिल्व्हर. तू आत्ता त्या पहिल्या टोकाला आहेस.

आपल्या जवळचं उदाहरण वीरधवल खाडे. कोल्हापूरचा पोरगा, 2008 ला बीजिंगला गेला, 2010 ला ग्वांगझूच्या एशियन गेम्सला 50 बटरफ्लायमध्ये ब्राँझ, 1986 च्या खजान सिंगनंतर स्विमिंगमध्ये भारताला एशियन गेम्सचं मेडलच नव्हतं. राज्य सरकारने त्याला तहसीलदार केलं. नोकरीत पोहणं मागे पडलं, आणि मग तो परत पाण्यात आला आणि 2018 ला जकार्ताला 50 फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, मेडल एका शतांशाने गेलं. एका. हे तुझ्या बाबांना सांग, दोन्ही अर्थांनी सांग. एक म्हणजे खेळातून सरकारी नोकरीपर्यंतचा रस्ता खरा आहे, आणि दुसरं म्हणजे नोकरी आणि पाणी दोन्ही एका वेळी ओढायला लागलं की ते किती अवघड असतं.

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, शिवाय रेल्वे, पोलीस, सेनादलं यांच्या स्वतःच्या टीम्स सीनियर नॅशनलला उतरतात आणि ते खेळाडू घेतात, आणि टीम उभी करताना त्यांना रिलेला चार जणी लागतातच, तिथे तुझ्यासारखीचा विचार होतो. पण यासाठी कागद लागतात गं, आणि आपल्याकडच्या पोरी इथेच मार खातात. तुझी चारही सर्टिफिकेट कुठे आहेत आत्ता? कपाटात मेडलच्या डब्याखाली दुमडून ठेवली असतील तर आज काढ, स्कॅन कर, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन सरळ विचार की यातली कोणती, कोणत्या स्तराची, रिलेची म्हणून पडताळणीला चालतात. जीआर बदलतात, त्यामुळे मैत्रिणीच्या दादाने सांगितलं यावर जाऊ नकोस. तसंच बोर्डाच्या क्रीडा सवलत गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत वेळेत जावा लागतो, तू बारावीला आहेस, हे या आठवड्यात जिमखान्याच्या सरांना विचार, परीक्षेच्या तोंडावर नाही.

बाबांबद्दल. ते सीईटी म्हणतात तर ते तुझे वैरी नाहीत. पण मला वाटतं घरात “पोहणं की अभ्यास” असा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. त्याच बीजिंगच्या रिलेत एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही, अमेरिकेची जी टीम हीट्सला, म्हणजे फायनलआधीच्या फेरीला पोहली ती वेगळी होती, त्या चौघांनी आदल्या संध्याकाळच्या हीटमध्ये वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि त्यातला एकच फायनलला उतरला. बाकी तिघं फायनलला गॅलरीत. ऑलिम्पिकच्या नियमाने गोल्ड मात्र त्यांनाही मिळालं. त्यातला नेथन एड्रियन चार वर्षांनी लंडनला 100 फ्रीचा चॅम्पियन झाला, तोही एका शतांशाने. आणि बेन वाइल्डमन-टोब्रायनर पुढे मेडिकलला जाऊन डॉक्टर झाला. एकाच रिलेतून दोघं दोन दिशांना गेले आणि दोघांचं गोल्ड सारखंच आहे. तुला आज ठरवायचं नाहीये की तू यातली कोण. तू सतरा वर्षांची आहेस.

मी तुझ्या जागी असते तर बाबांशी असा हिशेब केला असता. बोर्ड आणि सीईटी होईपर्यंत आठवड्याला चार सेशन, सकाळची, सातला घरी, त्यातली दोन टेकओव्हरसकट. जिम एक दिवस. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या टँकवर जाऊन कुडकुडत अंतर कापण्यात वेळ घालवू नकोस, स्प्रिंटरला या काळात कमी पण फास्ट पोहणं चालतं, 25 चे, 50 चे तुकडे, पूर्ण रेस्ट घेऊन. चार-पाच महिन्यांत तुझं टायमिंग थोडं मागे जाईल, जाऊ दे, पाण्याची सवय तुटली नाही की ते परत येतं. मग कॉलेज. पुणे विद्यापीठाच्या टीममध्ये रिलेला कायम जागा असतात आणि इंटर युनिव्हर्सिटीचं पाणी वेगळंच असतं, तिथे शेजारच्या लेनमध्ये कोण उभी असेल सांगता येत नाही. इंजिनिअरिंगला गेलीस तरी हे दार बंद होत नाही. बाबांपुढे हा कागद ठेवलास, सेशन, वेळा, घरी यायची वेळ, सगळं लिहून, तर मला वाटतं ते ऐकतील. “मला पोहायचंय” एवढंच म्हणून भांडलीस तर नाही ऐकणार, माझेही नव्हते ऐकत.

सर. सर बोलत नाहीत याचा अर्थ ते चिडलेत असं तू धरून बसलीयेस, असेलही, पण मी आता स्वतः काठावर उभी असते सकाळी आणि मला माहितीये की डीक्यू झालेल्या मुलीशी काय बोलावं ते कोचला पण सुचत नाही कधी कधी. तू जाऊन बोल. आणि एक गोष्ट माग, थेट माग. म्हण, सर, पुढच्या छोट्या मीटला मला पहिली लेग द्या. कारण तुला माहितीये का, रिलेत फक्त पहिल्या लेगचं टायमिंग ऑफिशियल धरतात, बाकीच्या तिघींचं नाही, कारण त्या हॉर्नवर सुटत नाहीत. 2024 ला दोहाला चीनच्या पान झानलेने 100 फ्रीचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, 46.80, तो इंडिव्हिज्युअल रेसमध्ये नाही तर 4 बाय 100 रिलेच्या पहिल्या लेगला. तू टीमसाठी जास्त जोरात पोहतेस, मग टीमसाठी पोहतानाच तुझं ऑफिशियल टायमिंग निघू दे ना. सहा दशांश तुझे आहेतच, 1:02.20 चा कागद हातात आला तर इंडिव्हिज्युअलच्या हीट्सला सुद्धा तू वेगळ्या मानेने उभी राहशील. एकदाच माग. नाही म्हणाले तर का ते विचार आणि परत तिसऱ्या लेगला उभी राहा, तिसरी लेग काही कमी नाही, कोच बऱ्याचदा तिथे अशी मुलगी ठेवतात जी मागे पडलेली टीम बघून घाबरत नाही. (आणि खांदा दुखत असेल तर तेही त्याच वेळी सांग, तू लिहिलं नाहीस पण स्प्रिंटवाल्या मुली हे लपवतात. हाताला लावायची पॅडल्स बंद, फिजिओला दाखव.)

राहिली तुझी मैत्रीण.

तिला वाटतंय तिचं मेडल तू घालवलंस, आणि त्या दिवसापुरतं ते खरं आहे, त्यामुळे “पण माझी चूक नव्हती, तू ग्लाइड केलंस” हे वाक्य कितीही खरं असलं तरी पहिल्या फोनवर तोंडातून काढायचं नाही. तिला मेसेज टाकू नकोस, ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे तो सॉरी चौघींसमोर वाचला जातो आणि तिला उत्तर द्यायची सक्ती होते. फोन कर. सांग की मी लवकर सुटले, तुझं मेडल गेलं, मला वाईट वाटतंय. मग थांब. तिला जे बोलायचंय ते बोलू दे, रागावली तर रागावू दे, मध्ये बोलू नकोस. आणि ती ऐकून घ्यायच्या मूडमध्ये आली की मगच विचार, शनिवारी प्रॅक्टिस झाल्यावर वीस मिनिटं थांबशील का माझ्यासाठी, मला तुझा शेवटचा हात नीट बघायचाय. ती हो म्हणाली तर मोबाईल चार्ज करून ने, आणि पहिल्या दिवशी किती फ्रेम आल्या ते मला लिहून पाठव.